अर्ध्या छपरावरचा बर्फ

प्रश्न : बर्फ पडणाऱ्या भागात आम्ही लाकडी कैच्यांचं, म्हणजे लाकडाचे तुकडे जोडून केलेल्या त्रिकोणी सांगाड्यांचं, छप्पर असलेलं घर बांधतोय. सुतार म्हणतो, उतार जास्त ठेवा, बर्फ टिकणारच नाही. मग बर्फाच्या भाराचा वेगळा हिशेब कशाला? आणि माळा मोकळा करायला कैचीतला एखादा तिरपा तुकडा काढला तर चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. काढू नका. एका घराची तपासणी करायला गेले होते. तक्रार एवढीच, की आतलं एक दार वर घासतंय. माळ्यावर चढले तर ट्रंका सरकवायला वाट हवी म्हणून दोन कैच्यांतले तिरपे तुकडे करवतीने कापलेले. कितीतरी हिवाळे काही झालं नाही. मग एकदा साचलेल्या बर्फावर पाऊस पडला. वरचे वासे वाकले, खालची तुळई लोंबली आणि दाराच्या चौकटीवर टेकली. घरात माणसं झोपलेली होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

बर्फ किती उंच साचला यावरून त्याचं वजन कळत नाही. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण 100 किलो भरतो, काही दिवसांत बसलेला 200, ओला झालेला 400. म्हणजे 60 सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला 60 किलोही असू शकतो आणि 240 किलोही.

सुताराचं म्हणणं अर्धं खरं आहे. युरोपीय संहितेत, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीत, 30 अंशांपर्यंतच्या उताराला भारात सूट नाही. पुढे तो कमी होत 60 अंशांना शून्य होतो. पण वळचणीला बर्फ अडवणारी पट्टी किंवा कठडा असेल तर ही सूट मिळत नाही. शिवाय घसरलेला बर्फ खालच्या पडवीवर पडला तर तिथला भार वाढतो, तोही धरावा लागतो. माळ्यावर उष्णतारोधक थर जाड घालणार असाल तर तेही अभियंत्याला सांगा. छप्पर थंड राहिलं की बर्फ कमी वितळतो.

मला सगळ्यात काळजी वाटते ती अर्ध्या छपराची. वारा एका पाख्यावरचा बर्फ उचलतो आणि आढ्यापलीकडे टाकतो. एक पाखं जवळजवळ उघडं, दुसऱ्यावर ढीग. एकूण वजन कमी असूनही काही तुकड्यांना हे पूर्ण भरलेल्या छपरापेक्षा जड जातं. कैचीच्या घडणीनुसार मधल्या एखाद्या तुकड्यात ताणाच्या जागी दाब येतो, आणि ताणासाठी बेतलेली बारीक लाकडी पट्टी दाबाखाली बाजूला वाकते. उंच भिंतीला लागून खालचं छप्पर असेल, तर तिथे वारा बर्फाची पाचर रचतो. त्या कैच्या वेगळ्या मोजाव्या लागतात.

स्थानिक संहितेतला जमिनीवरच्या बर्फाचा आकडा बऱ्याच ठिकाणी 50 वर्षांच्या आवर्तनाचा असतो. त्याचा अर्थ 50 वर्षांतून एकदाच असा नाही. दर वर्षी तो ओलांडला जाण्याची शक्यता 2 टक्के, आणि 50 वर्षांच्या काळात निदान एकदा ओलांडला जाण्याची सुमारे 64 टक्के. कैच्या मागवताना त्यांच्या आराखड्यावर हा आकडा, असमान भार आणि पडवीवरचा ढीग हे तिन्ही लिहिलेले आहेत ना, ते बघा. माळ्यावर वावरायचंच असेल तर ते आत्ताच सांगा; मधे मोकळी जागा सोडलेल्या कैच्या मुळातच तशा बेतता येतात.