आधी तिच्या वह्या परत द्या

राजापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला ७१ टक्के होते, पहिल्या वर्षी त्याहून कमी पडले. सुट्टी लागली की सड्यावर, म्हणजे गावाजवळच्या कातळाच्या पठारावर जाते, कातळावर कोरलेल्या चित्रांची मापं घेते, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून जुन्या गोष्टी लिहून काढते. दर महिन्याला चार पानं हातानं लिहून गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर लावते. मुंबईचे चाकरमानी त्यांचे फोटो मागवतात, वाहवा करतात. वाहवानं पोट भरत नाही. आता म्हणते, बी.एस्सी. सोडून इतिहासात बी.ए. करते, पुरातत्त्वात जायचंय. भावकीतले म्हणतात, तुझी पोर सड्याची माहिती बाहेर देते, उद्या सरकार जमीन घेईल. शेवटी मी तिच्या सात वह्या कपाटात कुलपात ठेवल्या. दोन महिने ती माझ्याशी बोलत नाही. तिला बँकेच्या परीक्षांकडे वळवायचंय. लहानपणी आम्ही त्या चित्रांवरच गुरं चारली, दुपारी त्या कातळातल्या माणसाच्या पोटात निजलो, त्यात एवढं काय आहे? तुम्ही तिला समजावून सांगा."

नमस्कार.

तिला नंतर. आधी तुमच्याशी बोलते.

७१ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. पत्रात एका ठिकाणी मी थांबले आणि पुन्हा मागे जाऊन वाचलं: सात वह्या, कुलूप, दोन महिने. मुलांचा मोबाइल काढून घेतला, गाडीची किल्ली लपवली, अशी पत्रं मला नेहमी येतात. तुम्ही काढून घेतलंय ते वेगळं आहे. त्या वह्या एकट्या तिच्या नाहीत. वाडीतल्या आज्यांनी, गुराख्यांनी, पालखीच्या मानकऱ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवून जे सांगितलं ते त्यांत आहे. सांगणाऱ्यांतली काही माणसं पुढचा शिमगा बघतीलच असं नाही. अभ्यासाचं पुस्तक हरवलं तर दुसरं आणता येतं. एखाद्या आजीनं सांगितलेलं सड्यावरच्या जागेचं नाव हरवलं, तर ते कुठल्या दुकानात मिळणार?

आणि कुलूप मार्कांमुळे लागलं असं मला वाटत नाही. ते भावकीमुळे लागलं. चारचौघांत तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं, आणि त्याचा राग घरातल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसावर निघाला. हे कडू वाटेल, पण स्पष्ट बोलणं हे माझं कामच आहे.

जमिनीची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. केंद्र सरकारनं एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून संरक्षित केली, की तिच्याभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ज्याची तिथे कलमं आहेत, मांगर आहे, त्याला धास्ती वाटणारच. पण ते वाचनालयाच्या फळ्यावरच्या चार पानांनी होत नाही. त्यासाठी आधी सरकारला अधिसूचना काढावी लागते आणि हरकती नोंदवायला दोन महिने द्यावे लागतात. शिवाय कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे तुम्ही म्हणता ती कातळावरची चित्रं, आता गुपित राहिलेली नाहीत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ अशी नऊ ठिकाणं गेली. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी ही तर तुमच्याच तालुक्यातली. सड्याला खरा धोका चिरेखाणीचा आहे. चिऱ्यांसाठी जांभा दगड कापताना यंत्राला चित्र दिसत नाही. कुठे काय आहे हे गावातल्याच कुणी लिहून ठेवलेलं असलं, तरच यंत्र लागण्याआधी कुणीतरी थांबा म्हणू शकतं.

मुलीलाही एक गोष्ट सांगायची आहे, हे पत्र तिला वाचायला द्या. बाळा, सडा कुणाचा तरी सातबारा आहे. लिहिण्याआधी त्या घरी जाऊन विचारायचं, आणि नको म्हणाले तर ती जागा वहीत ठेवायची, फळ्यावर लावायची नाही. वाटेचा नकाशा द्यायचा नाही. फोटो उठून दिसावा म्हणून रेषांत चुना किंवा खडू तर कधीच भरायचा नाही. भावकीचा राग सगळाच्या सगळा चुकीचा नाही.

आता बी.एस्सी. सोडण्याविषयी. इथे बापलेक दोघं एकाच गैरसमजात आहेत. पुरातत्त्व म्हणजे इतिहास, इतिहास म्हणजे बी.ए., आणि सायन्सवरून आर्ट्सला जाणं म्हणजे एक पायरी उतरणं, असं तुम्हाला वाटतं. तिला ते उतरणं मान्य आहे, एवढाच फरक. मुळात उतरायची गरजच नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर प्रवेश परीक्षा देऊन जाऊ शकतो, आणि या विषयाला सायन्सच्या मुलांची फार गरज आहे. ही चित्रं किती जुनी, हा प्रश्न अजून अडून आहे, कारण नुसत्या दगडावरच्या कोरीव रेषेचं वय काढणं अवघड. त्यासाठी जांभा कसा झिजतो हे कळावं लागतं, आसपासच्या मातीत काय सापडतं ते तपासावं लागतं. देवाचे गोठणे इथल्या आकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते, त्याला उत्तर भौतिकशास्त्रातच शोधावं लागेल. कशेळीच्या सुमारे १८ मीटर लांब हत्तीच्या पोटात कित्येक प्राणी कोरलेत. ते कुठले, हे प्राणिशास्त्र शिकलेला माणूस जास्त नीट सांगेल. पावसाळ्यात त्याच कातळावर सीतेची आसवं फुलतात, त्यांचीही नोंद तिच्या वहीत असेल तर मला नवल वाटणार नाही. बी.एस्सी. पूर्ण करायची, आणि नीट मार्कांनी करायची. पहिल्या वर्षीची घसरण सड्यामुळे झाली असेल, तर परीक्षेआधीचे दोन महिने सडा बंद. एवढं मी तिच्याकडून मागते.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. राज्याचं पुरातत्त्व खातं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, संग्रहालयं, नेट-सेट करून प्राध्यापकी. यांतलं काहीही चटकन हाती येत नाही आणि सुरुवातीची वर्षं बहुधा कंत्राटावर जातात. पदवीनंतर बँकेची परीक्षा दिली तर माझी काहीच हरकत नाही. बँकेत बसून सुट्टीच्या दिवशी सड्यावर जाता येतं. ही शिल्पं जगापुढे आणणाऱ्यांतले सुधीर रिसबूड व्यवसायानं अभियंता आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं पायपीट केली, गावोगाव लोकांना विचारत. त्यांना वाट दाखवली ती गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनीच. "पोट कशानं भरणार" आणि "आयुष्यात काय करणार" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही त्यांना एकच समजून मुलीशी भांडताय.

आता तुमच्या पत्राच्या शेवटाकडचं एक वाक्य. "दुपारी त्या कातळातल्या माणसाच्या पोटात निजलो." माझ्या इतक्या वर्षांच्या कामात कुठल्या वडिलांनी असं वाक्य लिहिलेलं मला आठवत नाही. तुम्ही ते तक्रारीच्या ओघात लिहून गेलात, पण तुमची मुलगी वाडीवाडी फिरून नेमकं हेच शोधते आहे. तिनं गावभर विचारलं, तुम्हाला विचारलं नसेल. किंवा विचारलं असेल आणि तुम्ही "त्यात काय आहे" म्हणून उठून गेला असाल.

तेव्हा कोर्स कोणता, फी किती, हे पुढच्या पत्रात बघू. आज संध्याकाळी कुलूप काढा आणि सातही वह्या तिच्या हातात द्या. मग तिला घेऊन सड्यावर जा, दुपारचं ऊन कलल्यावर. तुम्ही कुठे निजायचात ते दाखवा. गुरं कुठून वर चढायची, पाणी कुठे मिळायचं, तुम्ही पोरं त्या कातळातल्या माणसाला काय नावानं हाक मारायचात, ते सांगा. ती लिहून घेईल.