वाचकांचे प्रश्न : पावसातली गाडी

प्रश्न : भर पावसात ताशी 80 किमी वेगाने जाताना स्टीअरिंग एकदम हलकं झालं, गाडी ताब्यात नाही असं वाटलं. टायरची नक्षी तर अजून दिसते. मग चुकलं कुठे?

उत्तर : त्या क्षणी टायर रस्त्यावर नव्हता, पाण्यावर होता. टायरखालचं पाणी खाचांतून बाहेर फेकलं जातं. वेग जास्त असला किंवा खाचा उथळ झाल्या की पाण्याला निघायला सवड मिळत नाही आणि चाक त्या थरावर चढतं. नव्या टायरच्या खाचा साधारण 8 मिमी खोल असतात. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की जेमतेम 1.6 मिमी खोली उरते आणि टायर बाद धरतात. पावसाळ्यासाठी तिथवर थांबू नका, 3 मिमीलाच बदला.

हवा टायर थंड असताना तपासा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. ‘पकड यावी म्हणून पावसात हवा कमी करा’ असं सांगणारे भेटतातच. त्यांचं ऐकू नका. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो आणि पाणी तिथेच अडकतं.

पुन्हा तसं झालं तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला, ब्रेक दाबू नका, स्टीअरिंग सरळ धरा. चाकं वळलेली असताना पकड परत आली, तर गाडी हिसक्यासरशी त्या बाजूला जाते. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) पावसात बंदच ठेवा.

प्रश्न : काचेवर सारखी वाफ धरते. फडक्याने पुसत राहायचं का?

उत्तर : वाफ आतून असेल तर एसी चालू करा, बाहेरची हवा आत येऊ द्या आणि गरम झोत समोरच्या काचेवर सोडा. एसी हवेतला दमटपणा काढतो. बाहेरून असेल तर काच जास्त थंड झाली आहे. वायपर फिरवा, एसीचा गारवा कमी करा.

प्रश्न : साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर?

उत्तर : पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. गाडी टो करूनच न्या. पाणी काढून एअर फिल्टर आणि ऑइल तपासल्याशिवाय चावी फिरवायची नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे.

प्रश्न : मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून चालवावं का?

उत्तर : नाही. तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. लो बीम लावा, पुढच्या गाडीपासून किमान 4 सेकंदांचं अंतर राखा, म्हणजे ती जिथून गेली तिथे तुम्ही 4 सेकंदांनी पोहोचाल. ते चार दिवे गाडी थांबल्यावर लावायचे.