प्रेरी डॉगच्या शिकारीला एवढी बारीक गोळी कशाला, आणि काडतुसं घरी का भरतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेत प्रेरी डॉग, ग्राउंडहॉग असे उपद्रवी प्राणी मारणारे लोक हरणाची रायफल सोडून .१७, .२०, .२२ अशा बारीक कॅलिबरच्या (म्हणजे नळीच्या भोकाच्या इंचातल्या मापाच्या) मागे का लागतात? आणि काडतुसं दुकानात मिळत असताना ती घरी का भरत बसतात? मी इथे राहून दोन्ही करतो, म्हणून लिहितो.

आधी निशाण काय आहे ते बघा. प्रेरी डॉग हा खारीच्या कुळातला प्राणी. बिळाच्या तोंडाशी उभा राहिला तरी जेमतेम फूटभर उंच, आणि रुंदी चार बोटं. तो असतो दोनशे-तीनशे यार्डांवर. अंतर पंचवीस यार्डांनी चुकलं आणि गोळी वेगाने खाली येणारी असली, तर नेम बरोबर असूनही गोळी त्याच्या पायाशी मातीत जाते. म्हणून हलकी आणि अतिवेगवान गोळी लागते. .२०४ रुगर या काडतुसाची ३२ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी सेकंदाला ४,००० फुटांच्या वर वेगाने सुटते. दोनशे यार्डांवर नेम बांधलेला असला तर तीनशेवर ती चारेक इंचच खाली येते. तेवढं सांभाळून घेता येतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, पण नवीन माणसाला कुणी ते सांगत नाही: धक्का. .२२३ या बारीक रायफलीचा धक्का .३०-०६ या हरणाच्या रायफलीच्या तुलनेत पाच-सहापट कमी. त्यामुळे चाप ओढल्यावर रायफलीवरच्या दुर्बिणीतलं चित्र हलत नाही आणि गोळी कुठे पडली ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. डावीकडे धूळ उडाली म्हणजे वारा तेवढा, पुढची गोळी तेवढी उजवीकडे. मोठ्या रायफलीत दुर्बीण आभाळाकडे जाते आणि शेजारच्याला विचारावं लागतं, "कुठे गेली रे?"

तिसरं कारण सुरक्षिततेचं. या गोळ्यांचं तांब्याचं आवरण मुद्दाम पातळ ठेवतात. .२२-२५० मधून सुटलेली ५० ग्रेनची गोळी नळीच्या आत कोरलेल्या पिळामुळे मिनिटाला जवळजवळ दोन लाख फेरे घेत असते. मातीला लागताच तिचे बहुधा तुकडे होतात. जाड आवरणाची जड गोळी दगडावरून उसळून माळापलीकडे गुरांत किंवा रस्त्यावर जाऊ शकते. बारीक गोळीत हा धोका खूप कमी, शून्य मात्र नाही. मागे मातीचा उंचवटा नसेल तर मी चापाला बोट लावत नाही. गंमत म्हणजे हीच पातळ आवरणाची गोळी जास्त पिळाच्या नळीतून मारली, तर ती कधीकधी हवेतच फुटते. निशाणाच्या कागदावर भोक सापडत नाही, फार तर राखाडी शिंतोडे. नव्या माणसाला वाटतं दुर्बीण बिघडली.

बारीक गोळीचा मोठा शत्रू वारा. .१७ एचएमआर या छोट्या काडतुसाची १७ ग्रेनची गोळी ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात दोनशे यार्डांवर फुटापेक्षा जास्त सरकते. वाऱ्याचा माळ असेल तर .१७ च्या मोहात पडू नका, हे माझं मत. शिवाय तिच्या नळीत तांबं लवकर साचतं आणि साफ करायची सळई इतकी बारीक की जरा जोर लावला की वाकते.

आता काडतुसं घरी भरण्याबद्दल. आज दुकानात मिळणारी यातली बरीचशी काडतुसं मुळात हौशी लोकांनी घरी घडवलेली आहेत. .२२-२५० घ्या: .२५० सॅव्हेज या काडतुसाच्या पुंगळीचं (पितळी कवचाचं) तोंड आवळून त्यात .२२ ची गोळी बसवली. अनेक वर्षं लोक ती स्वतःच बनवून वापरत होते. रेमिंग्टनने ती अधिकृतपणे बाजारात आणली १९६५ मध्ये. .१७ फायरबॉल २००७ मध्ये आली, तिच्यामागेही असंच घरगुती काडतूस होतं.

पण आज का भरायची? पैसे वाचतात म्हणून, असं बरेच जण सांगतात. थोडेफार वाचतातही. खरं कारण नेमकेपणाचं आहे. कंपनी कुठल्याही रायफलीत चालेल असं काडतूस बनवते, मी फक्त माझ्या रायफलीसाठी बनवतो. गोळी पुंगळीत किती खोल बसवायची हे माझ्या नळीप्रमाणे ठरवतो. लहान पुंगळीत वजनाची चूकही मोठी होते. .२२ हॉर्नेट या छोट्या काडतुसात बंदुकीची दारू जेमतेम दहा-बारा ग्रेन मावते, म्हणजे एक दशांश ग्रेन इकडेतिकडे झाला की जवळपास एक टक्का फरक. .३०-०६ मध्ये तेवढ्याने काही बिघडत नाही. हॉर्नेटच्या पुंगळीचं पितळही इतकं पातळ की गोळी बसवताना जरा तिरकी गेली की तोंड चेपलंच.

भरण्याची रीत वाचायला सोपी आहे: जुना प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टिकली) काढा, पुंगळी साच्यातून काढून मापात आणा, नवा प्रायमर, दारू, गोळी. वेळ जातो तो पुंगळ्या तपासण्यात. दर वेळी बार उडाला की पितळ ताणलं जातं आणि बुडाच्या जरा वर आतून झिजतं. बाहेर तिथे कधीकधी चकचकीत कडं दिसतं, पण त्यावर विसंबू नका. कागदाची क्लिप सरळ करा, टोक किंचित वाकवा, पुंगळीत बुडापर्यंत घाला आणि कडेने घासत वर ओढा. टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात. पुन्हा भरलीत तर रायफलीत तिचे दोन तुकडे होतील आणि तप्त वायू तोंडाकडे येईल.

दारूच्या मापाबद्दल मी इथे एकही आकडा देणार नाही, आणि कुणी इंटरनेटवर दिला तर घेऊ नका. गोळी किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीचं छापील मॅन्युअल घ्या, त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून निघा आणि थोडंथोडं वर जा. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडायला जड जायला लागला किंवा प्रायमर चपटा झाला की थांबा, मॅन्युअल अजून वर जा म्हणत असलं तरी. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. हा नियम मी पाहुणे आले तरी मोडत नाही.

प्रेरी डॉगच्या वसाहतीवर गोळ्या भराभर जातात, म्हणून नळी तापते आणि तिचा आतला भाग, जिथे गोळी पिळात शिरते, तो जळत जातो. .२२० स्विफ्ट आणि .२२-२५० यासाठी बदनाम आहेत. माझ्याकडे .२२३ आणि .२०४ दोन्ही आहेत ते त्यामुळेच. नळीवर बोट ठेववेना झालं की ती बाजूला, दुसरी हातात.

नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं नसलेलीच गोळी लागते, कारण मेलेल्या प्राण्यातले शिशाचे कण गरुड आणि गिधाडांच्या पोटात जातात. आमच्यातले काही जण यावर कुरकुरतात, मला ती कुरकुर पटत नाही. पूर्ण तांब्याच्या गोळ्याही चांगल्या लागतात. फक्त तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाच्या गोळ्या लांब होतात आणि पीळ जुळतो का ते बघावं लागतं. आणि प्रेरी डॉग सगळे सारखे नाहीत. यूटा प्रेरी डॉगला संघीय कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्यावर बंदूक रोखायचीच नाही. जात ओळखता येत नसेल तर आधी ते शिका.

पहिली रायफल घ्यायची असेल तर .२२३ घ्या. पुंगळ्या मुबलक, नळी टिकते, गोळ्यांचे प्रकार भरपूर. भरण्याच्या भानगडीत पडायचंच नसेल तर .१७ एचएमआर. तिचा प्रायमर पुंगळीच्या कडेतच असतो, त्यामुळे ती पुन्हा भरताच येत नाही. दीडशे यार्डांच्या आत आणि वारा पडलेला असताना ती उत्तम चालते.