आज्जी वारलेल्या भावाशी बोलते, 'पिशवी भर' म्हणते, हे नक्की काय असतं?

नाईटवरून आल्या आल्या तुमचा प्रश्न वाचला आणि तशीच लिहायला बसलेय, मागंपुढं झालं तर समजून घ्या. तुम्ही साताऱ्याहून लिहिलंय की आज्जी ८४ वर्षांच्या आहेत, महिनाभर अंथरुणाला खिळल्यात, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय, आणि गेले पाच-सहा दिवस त्या वारलेल्या भावाशी बोलतायत, 'मुराळी आलाय, माझी पिशवी भर, रहिमतपूरला जायचंय' म्हणतायत (मुराळी म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला आलेला भाऊ). आई रडतात, काका म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय, शेजारचं कोणतरी भगताला आणा म्हणालं. आणि तुमचा प्रश्न असा की मेलेले परत आले की उजेड, बोगदा सांगतात, तेच हे का, आणि घरच्यांनी करायचं काय.

मी मिरजेत आयसीयूला स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं झाली. तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टी मी जवळून बघितल्यात आणि त्या एकच नाहीत हे आधी सांगते.

हृदय बंद पडून (आम्ही त्याला अरेस्ट म्हणतो) सीपीआर, म्हणजे छाती दाबून, परत आलेला माणूस जे सांगतो ते वेगळं. आमच्याकडं जतकडचे एक बाबा होते, आयुष्यभर मेंढरं राखलेले. अरेस्ट झाला, दोनदा शॉक दिला, आले परत. तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर निघाल्यावर मला हळूच म्हणाले, सिस्टर, दोघंजण मला दंडाला धरून घेऊन गेलते, तितं एकजण चोपडी उघडून बसलेला, त्यानं नाव बघितलं आणि त्या दोघांवर खेकसला, ह्यो न्हवं, दुसरा आणायचा हुता, सोडा ह्याला. हे आपल्याकडं बऱ्याच गावात ऐकायला मिळतं, यमदूत चुकून भलत्यालाच घेऊन गेले आणि परत सोडलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या सतवंत पसरीचा आणि अमेरिकेतले इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ ला भारतातल्या अशा १६ केसेस छापल्या होत्या, त्यात हेच सापडलं, न्यायला येणारे दूत, हिशोबाची वही आणि माणूस चुकला म्हणून परत पाठवणी. अमेरिकेत रेमंड मूडींनी १९७५ ला जे गोळा केलं त्यात बोगदा, उजेड, स्वतःचं शरीर वरून दिसणं असं सगळं. म्हणजे माणूस जे मनात घेऊन जगला त्याच रूपात ते दिसत असावं असं मला वाटतं. पण त्या बाबांचं मला आजही आठवतं ते वेगळंच, डिस्चार्ज होईपर्यंत ते रोज एकच विचारायचे, "सिस्टर, मग त्या दुसऱ्याचं काय झालं वं?" आपण वाचलो म्हणजे दुसरं कोणतरी गेलं ह्या विचारानं त्यांना जेवण जाईना. मी काय सांगणार, गोळ्या हातात द्यायचे आणि थोडा वेळ बसायचे.

आणि हे सगळ्यांना दिसत नाही हेही ऐका. हॉलंडमध्ये पिम व्हॅन लोमेल या हार्टच्या डॉक्टरांनी १० हॉस्पिटलातल्या, हृदय बंद पडून परत आलेल्या ३४४ पेशंटना विचारलं होतं, २००१ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते, त्यातल्या ६२ जणांनीच काहीतरी आठवतंय म्हणून सांगितलं, म्हणजे १८ टक्के. बाकीच्यांना काही नाही, नुसता अंधार पण नाही. नंतर सॅम पार्निया यांच्या टीमनं २०६० अरेस्टचा अभ्यास केला, २०१४ ला आला, त्यात खोल्यांमध्ये छताजवळ फळ्या लावून त्यावर चित्रं ठेवलेली, वरून बघितलं तरच दिसतील अशी. एका पेशंटनं अरेस्टच्या वेळचं खोलीतलं बरंच बरोबर सांगितलं, पण त्याचा अरेस्ट झाला त्या जागी फळीच नव्हती. मिशिगनमध्ये २०२३ ला चार मरणासन्न पेशंटचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख, तपासला, व्हेंटिलेटर काढल्यावर दोघांच्या मेंदूत गामा नावाच्या वेगवान लहरी एकदम वाढल्या, पण ती माणसं गेली, काय दिसलं ते सांगायला उरली नाहीत. आणि जे परत येऊन सांगतात ते मेलेलेच नव्हते, हृदय थांबलेलं होतं आणि आम्ही ते चालू केलं. म्हणून यावरून पलीकडं काय आहे ते ठरवायला मी जात नाही, आणि तुम्हालाही आत्ता ते ठरवायची गरज नाही.

तुमच्या आज्जींचं वेगळं आहे. त्या शुद्धीवर आहेत, तुम्हाला ओळखतात, चहा मागतात, आणि त्याच वेळी भाऊ पण दिसतो. हे एवढं सर्रास होतं की आमच्याकडच्या जुन्या आया, म्हणजे वॉर्डातल्या मावशी, नुसतं ऐकूनच म्हणतात, माणसं दिसायला लागली, घरच्यांना बोलवून घ्या. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी १८९४ ला हॉस्पिटल काढलं तेव्हापासून बेळगाव, विजापूरकडचे पेशंट इकडं येतात, त्यामुळं वॉर्डात निम्मी भाषा कन्नड. एक म्हातारी आज्जी तीन रात्री दरवाज्याकडं बघून "बंदे अव्वा, बंदे" म्हणायची. मी मावशींना विचारलं तर म्हणाल्या, आईला सांगतीय, आले गं आई, आले. नव्वदीची बाई, आणि आवाज अगदी खेळताना घरी बोलावलेल्या पोरीचा. चौथ्या दिवशी पहाटे गेली, शांत गेली.

अमेरिकेत बफेलोच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेतात तिथं, डॉ. ख्रिस्तोफर केर यांच्या टीमनं ५९ पेशंटना रोज विचारून हे लिहून ठेवलं, २०१४ ला छापलं. दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी अशी स्वप्नं किंवा दर्शनं सांगितली, बऱ्याच जणांना तर ती जागेपणी आली, मरण जवळ आलं तशी वारलेली माणसं जास्त दिसायला लागली आणि तीच सगळ्यात जास्त धीर देणारी होती. प्रवासाला निघायची तयारी हेही त्यात होतं. तिकडं कोण गाडीची वाट बघत असेल, तुमच्या आज्जींच्या दाराशी मुराळी आलाय. पंचमीला भाऊ न्यायला यायचा ही त्या पिढीतल्या बायकांची आयुष्यातली सगळ्यात सुखाची वाट बघणं होती, मग शेवटी कोण येणार दुसरं?

आता माझं सांगते, कारण हे सगळं माहिती असून घरी मीच चुकले. माझे सासरे, आबा, तासगावजवळ गावाकडं होते, लिव्हरचा कॅन्सर. शेवटच्या आठवड्यात म्हणायला लागले, तात्या बांधावर उभा हाय, इंजिन सुरू केलंय, मला दारं धराय जायचंय, म्हणजे पिकाला पाणी द्यायला. तात्या म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, जाऊन तीस वर्षं झालेली. दोघांची सामाईक विहीर, रात्रीची पाण्याची पाळी दोघं मिळून काढायची, एक इंजिनाशी, एक दंडावर. आणि मी काय केलं, आयसीयूत बरळणाऱ्या पेशंटला जसं सांगतो तसं सांगितलं, आबा, आज बुधवार आहे, तुम्ही घरात आहात, तात्या वारलेत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं कूस केली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं औषधानं गुंगी आली. मग एकदा बाहेरून ऐकलं, माझा आठ वर्षांचा पोरगा त्यांना विचारत होता, "आबा, तात्यांनी काय घातलंय?" आणि आबा खुलून सांगत होते, कांबळं घेतलंय, हातात कंदील हाय, पायात काय न्हाय, किती येळा सांगितलं पायात घाल, काटं हायत. मी दाराबाहेर उभी राहून रडले. ते दोन दिवस मी त्यांच्याकडून काढून घेतले, आणि ते मला अजून टोचतं.

म्हणून वाद घालू नका. तुम्हाला दिसत नसेल तर दिसतंय असं खोटंही म्हणू नका, फक्त विचारा, तुमचे भाऊ काय म्हणतायत, कसे आलेत. आज्जी सांगतील.

पण एक गोष्ट तपासायची, आणि हे मी नर्स म्हणून सांगते. आज्जी घाबरत असतील, किंचाळत असतील, अंगावर किडे, साप दिसतायत म्हणत असतील, तुम्हाला ओळखत नसतील, चादर ओढत हवेत हात मारत असतील, संध्याकाळ झाली की जास्त होत असेल, तर ते डेलीरियम, म्हणजे आजारानं अचानक आलेला भ्रम, असू शकतं, आणि त्याला बऱ्याचदा साधं कारण असतं. लघवीचं इन्फेक्शन, लघवी तुंबणं, चार-पाच दिवस संडास न होणं, सोडियम कमी होणं, नवीन चालू केलेली एखादी गोळी. डॉक्टरांना फोन करून नेमकं असंच वर्णन सांगा, ते उपाय करतील. मनानं झोपेची गोळी देऊ नका. भगत तर नकोच, धूर, अंगारा आणि आरडाओरड्यानं शांत माणूस घाबरेल, आणि आज्जींना बाधा झालेली नाही.

पुढं खाणं-पिणं तुटेल. तेव्हा 'उपाशी मारतोय का आपण' असं आईंना वाटेल, पण शरीरच मागत नसतं. गिळणं बंद झालं की गंगाजल पण चमच्यानं ओतू नका, ते छातीत जातं, कापूस भिजवून ओठाला लावा, तुळशीपत्र ओठावर ठेवा, चालतं. घरघर लागली की ऐकवत नाही, पण ती घशातल्या लाळेची असते, एका कुशीवर वळवलं की बऱ्याचदा कमी होते. श्वास मध्येच थांबून परत सुरू होतो, तेव्हा छाती चोळत बसू नका. आणि खोलीत बोलताना जपून बोला, जमिनीची, दहाव्याची चर्चा तिथं नको. कॅनडात २०२० ला एक अभ्यास आला, प्रतिसाद न देणाऱ्या शेवटच्या काही तासांतल्या पेशंटचा मेंदूसुद्धा आवाजाला प्रतिसाद देत होता, निदान काहींचा तरी. आई जवळ बसून बोलल्या तर ते वाया जात नाही, हे त्यांना सांगा.

काकांना सांगा की डोकं फिरलेलं नाही. आईंना सांगा की त्या तुम्हाला सोडून जायची घाई करत नाहीत, त्यांना न्यायला आलेत एवढंच त्या सांगतायत.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय ना की पिशवी लपवून ठेवली तर विसरतील का. लपवू नका. आजच भरा, त्यांच्या समोर बसून. एक चांगलं लुगडं, खण, मिसरीची डबी, भावाच्या पोरांना काय न्यायचं ते त्यांनाच विचारा, आणि बांधून झाली की पलंगावरून दिसेल अशी खुंटीला अडकवून ठेवा.