भरलेली डिझेल पिकअप चढावर अचानक ताकद सोडते आणि इंजिनाचा दिवा लागतो. टर्बो बदलावा का?

आपण लिहिले आहे की आपली २०१८ची डिझेल पिकअप आंब्याच्या पेट्या भरून रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाटात एकाएकी ओढेनाशी होते, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, हीटरच्या वेटोळ्याचा दिवा लुकलुकू लागतो, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की पुढच्या मोठ्या चढापर्यंत ती काही झालेच नाही अशी चालते. मेकॅनिकने टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, बदलायला सांगितले आहे. माझे मत असे की आत्ताच बदलू नये. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, पण बरीच वर्षे स्वतःची पिकअप भाड्याने चालवतो आहे आणि नेमक्या याच तक्रारीपायी एकदा नाहक खर्च करून बसलो आहे.

आपल्या वर्णनातच दोषाचा अर्धा पत्ता आहे. इंजिनाचा ईसीएम, म्हणजे त्याचा कारभार पाहणारा संगणक, ठराविक दाबाची हवा आणि ठराविक दाबाचे डिझेल मागत असतो. मागितलेला दाब काही क्षण मिळाला नाही, तर इंजिनाला इजा होऊ नये म्हणून तो डिझेल कमी करतो, आरपीएम बांधून टाकतो आणि दिवा लावतो. यालाच गॅरेजमध्ये ‘गाडी लिंप मोडला गेली’ असे म्हणतात. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की बऱ्याच गाड्यांत ही तपासणी नव्याने सुरू होते आणि गाडी तात्पुरती मोकळी होते. पूर्ण मोडलेला भाग किल्ली फिरवल्याने बरा होत नाही, आणि सपाटीवर रिकाम्या गाडीची मागणी मुळातच कमी असते. म्हणून कुठेतरी पुरवठा भाराखाली तोकडा पडतो आहे असे मी धरून चालेन. तो हवेचा की डिझेलचा, एवढे आधी ठरवायचे.

त्यासाठी ईसीएममधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावावा, आणि तो लावेपर्यंत बॅटरीचे टर्मिनल काढू नये. टर्मिनल काढून दिवा घालवण्याची सवय आपल्याकडे फार आहे, पण त्याने बहुतेक गाड्यांत नोंदलेला कोड आणि त्या क्षणीचे आरपीएम, वेग, तापमान हा सगळा पुरावा पुसला जातो. कोड पी ०२९९ असेल तर टर्बोचा दाब मागणीपेक्षा कमी पडला, आणि पी ००८७ असेल तर कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, डिझेलचा दाब कमी पडला, असा अर्थ होतो. येथेच बहुतेक जण फसतात. पी ०२९९ म्हणजे ‘टर्बो गेला’ नव्हे. त्यात फक्त ईसीएमची तक्रार असते, कारण आपणच शोधायचे असते. आपल्या मेकॅनिकने कोड वाचूनच टर्बोचे नाव घेतले असावे, असा मला संशय आहे.

कोडपेक्षा चालत्या गाडीतले आकडे जास्त बोलतात. शेजारी एखाद्याला स्कॅनर घेऊन बसवावे, गाडी भरलेली असतानाच चढावर न्यावी आणि रेलचा दाब व हवेचा दाब, दोन्ही एकाच वेळी पाहावेत. रेलचा दाब आयडलला साधारण ३०० बार असतो आणि पूर्ण भारावर हजार बारच्या बराच वर जातो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो चढण्याऐवजी खाली घसरू लागला तर दोष डिझेलच्या बाजूला आहे. रेल स्थिर राहून हवेचाच दाब वर जात नसेल तर हवेच्या बाजूला.

डिझेलच्या बाजूला पहिला संशयित फिल्टर. तो नवा टाकण्याचा खर्च इतका किरकोळ आहे की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र जुन्या फिल्टरमधले डिझेल पारदर्शक बाटलीत ओतून तळाशी पाणी किंवा गाळ बसतो का ते पाहावे, कारण पाणी निघाले तर टाकीही साफ करावी लागते. त्यानंतर टाकीपासून येणाऱ्या पाइपच्या जोडांतून हवा धरते का, टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र बुजले आहे का, हे तपासावे. एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या इंजिनांप्रमाणे इंजेक्टरचा पाइप चालू गाडीवर ढिला करून पाहू देऊ नये. या दाबाची डिझेलची धार कातडीत घुसते आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

हवेच्या बाजूची हकीकत माझ्या स्वतःच्या गाडीची आहे. मला प्रथम सेन्सर बदलायला लावले, मग टर्बोचा दाब कमीजास्त करणारा ॲक्च्युएटर, आणि शेवटी टर्बोची भाषा सुरू झाली. दुसऱ्या गॅरेजमधल्या एका वयस्कर मिस्त्रींनी इंटरकूलरची (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीची) खालची रबरी नळी क्लिप सोडून बाहेर काढली आणि हाताने वाकवली, तेव्हा तिच्या खालच्या अंगाला बोटभर चीर उघडली. नळी सरळ असताना ती चीर मिटलेली असे. भाराखाली दाब वाढला की उघडे आणि सगळी हवा बाहेर. त्या जागी तेलकट काळा डागही होता, पण तो पाहायला कोणी गाडीखाली वाकलेच नव्हते. म्हणून प्रत्येक नळी काढून, वाकवून, खालून पाहावी. चढावर काळा धूर आणि फुसफुस असा आवाज येत असेल तर संशय आणखी बळावतो. ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याच्या बारीक नळ्याही पाहाव्यात. उष्णतेने त्या कडक होऊन तडकतात.

हे सर्व निर्दोष निघाल्यावर टर्बोकडे वळावे. इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोच्या तोंडाकडची नळी काढून आतले पात्यांचे चाक बोटांनी हलवावे. किंचित बाजूचा हेलकावा चालतो, पण शाफ्ट आतबाहेर जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पाती कडेला घासल्याच्या खुणा असतील, तर मेकॅनिकचे म्हणणे खरे. नळीत तेलाचा नुसता ओलावा दिसला म्हणून टर्बो बाद ठरत नाही.

आपली गाडी २०१८ची, म्हणजे बीएस-४ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या काळातली असल्याने धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर तुंबण्याची शक्यता मी धरलेली नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत ती आधी तपासली असती. तसेच एबीएस, बॅटरी आणि इंजिन असे असंबद्ध दिवे एकत्र लागत असते तर प्रथम अर्थिंग आणि अल्टरनेटर पाहायला सांगितले असते. चालू इंजिनावर बॅटरीला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. पिवळ्या दिव्यावर हळूहळू मुक्काम गाठता येतो, पण ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी घेऊन तेथेच बंद करावी.

दोष सापडून भाग बदलला की कोड पुसून घ्यावा आणि पैसे चुकते करण्याआधी तेवढेच वजन भरून, स्कॅनर लावलेला ठेवून, त्याच चढावर गाडी नेऊन पाहावी. रिकाम्या गाडीची गावातली फेरी या तक्रारीत काहीच सिद्ध करत नाही. कोड मिळाल्यास येथे कळवावा, म्हणजे पुढचे नेमकेपणाने सांगता येईल.