हुंडो, हुंडा आणि श्वान

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझी एस्पेरांतो शब्दांची वही दोनदा वाचली. ‘हुंडो’ म्हणजे कुत्रा, आणि त्यापुढे तू ‘मराठी हुंडा?’ असं लिहिलं आहेस. ती नोंद खोडून टाक. एस्पेरांतो ही भाषा रचणाऱ्या झामेनहोफने तो शब्द जर्मन ‘हुंड’वरून घेतला, हुंड्याशी त्याचं नुसतं कानाला जुळतं. पण त्या जर्मन शब्दाचा माग काढत मागे गेलास, तर आपला ‘श्वान’ भेटतो. जवळचा वाटला तो परका निघाला, आणि ज्याचा आवाजही जुळत नाही तो भाऊबंद! ‘दोमो’ म्हणजे घर. तो लॅटिनमधून आला आणि त्याचा वैदिक सोयरा ‘दम’ आपल्या ‘दंपती’त अजून नांदतो आहे: घराचे धनी दोघं. तुझ्या वहीत नेमकी ‘दोमो’समोरचीच जागा कोरी आहे.

रचलेल्या भाषेला कसली आलीय व्युत्पत्ती, असं तुला कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. श्लायर या जर्मन पाद्र्याने १८७९ मध्ये व्होलाप्युक ही भाषा रचली, तेव्हा ‘वर्ल्ड’चं ‘व्होल’ आणि ‘स्पीक’चं ‘प्युक’ केलं. मूळ इतकं तासलं की इंग्रजालाही ते ओळखू येईना. झामेनहोफचं पहिलं पुस्तक १८८७ मध्ये वॉर्सात निघालं. त्याने मुळं ओळखीची ठेवली, आणि मला तीच त्याची मोठी समज वाटते.

तरी मुळावर फार विसंबू नकोस. ‘माल’ या उपसर्गापाशी मी स्वतः फसलो. फ्रेंचमध्ये त्याला वाईटपणाचा वास आहे, म्हणून ‘मालफेर्मी’चा अर्थ मी ‘नीट बंद न करणे’ असा लावला आणि कितीतरी दिवस तसाच वापरला. एस्पेरांतोत ‘माल’ अर्थ फक्त उलटवतो. ‘फेर्मी’ म्हणजे बंद करणे, ‘मालफेर्मी’ म्हणजे उघडणे. ‘मालसानुलेयो’ फोडून बघ: ‘सान’ निरोगी, ‘माल’ने आजारी, ‘उल’ने आजारी माणूस, ‘एय’ने त्याची जागा, शेवटचा ‘ओ’ नामाचा. झालं हॉस्पिटल. हे फोडणं मला आजही तितकंच आवडतं.

‘क्रोकोदिली’ मात्र फोडून हाती लागत नाही. त्यात मगर दिसते, पण अर्थ आहे एस्पेरांतो बोलणाऱ्यांच्या बैठकीत आपल्या मातृभाषेत बोलत बसणं. असे अर्थ ती भाषा बोलणाऱ्यांकडूनच कळतात.

म्हणून नव्या वहीत तीन रकाने आख: मूळ, घटक आणि कुणीतरी खरोखर वापरलेलं वाक्य. तिसरा रकाना भरल्याशिवाय शब्द पक्का धरू नकोस. सुरुवात ‘दोमो’पासून कर.

तुझा,
जुना शिक्षक