पहिल्या उंचीवरची उधारी

प्रिय पोरा,

सप्रेम आशीर्वाद. उंच उडीत राज्य स्पर्धेसाठी निवड झाल्याचं कळलं, आनंद झाला. "सर, किती उंचीपासून सुरुवात करू?" असं विचारलंयस. प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तर जरा लांबणार.

सप्टेंबर २०२५ मध्ये तोक्योत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथली पुरुषांच्या उंच उडीची फायनल तू सर्वेश कुशारेसाठी पाहिली असणारच. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा हा पोरगा मक्याच्या भुशाच्या गादीवर उड्या मारत मोठा झाला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २.१५ मीटरच्या पुढे जाऊ शकला नाही आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत उंच उडीची फायनल गाठणारा पहिला भारतीय ठरला. फायनलला २.२८, कारकिर्दीतली सर्वोत्तम उडी, संयुक्त सहावा. तेजस्विन शंकरचा राष्ट्रीय विक्रम तेव्हा २.२९ होता, म्हणजे एका सेंटीमीटरने हुकला. फोनवर त्याचं स्टेटस ठेवलंस ते छानच केलंस. आता तीच फायनल पुन्हा बघ, पण उड्या नको, गुणपत्रक बघ. ओ म्हणजे उंची पार, एक्स म्हणजे फसलेला प्रयत्न आणि डॅश म्हणजे न उडता सोडलेली उंची.

नियम तुला पाठ आहे, तरी सांगतो, कारण पाठ असणं आणि मैदानात आठवणं यात फार फरक असतो. दोघांची उंची सारखी झाली की आधी त्या शेवटच्या उंचीवर कोणाचे एक्स कमी ते बघतात. तिथेही बरोबरी झाली तर सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंतचे सगळे एक्स मोजतात. म्हणजे पहिल्या उंचीवर हयगय करून घेतलेला एक्स ही वाण्याकडची उधारी आहे. तेव्हा काही वाटत नाही, वसुली पदकाच्या वेळी होते. तोक्यो ऑलिम्पिक आठव. कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी यांनी सुवर्ण वाटून घेतलं, मिठ्या मारल्या, जगभर कौतुक झालं. त्याच दिवशी बेलारूसचा नेदासेकाऊही २.३७ च ओलांडून गेला होता! पण त्या दोघांच्या नावापुढे २.३७ पर्यंत एकही एक्स नव्हता, याच्या नावापुढे होते. त्याला कांस्य मिळालं. बुडापेस्टला २०२३ मध्येही तेच. ताम्बेरी आणि अमेरिकेचा हॅरिसन दोघांची २.३६, सुवर्ण मात्र एकट्या ताम्बेरीला.

म्हणून सुरुवात अशा उंचीवर कर, जिथे सर्दी झालेली असताना, पावसात, रनअपचा पट्टा ओला असतानाही तू पहिल्या प्रयत्नात जाशील. तुझ्या सर्वोत्तम उडीपेक्षा पंधरा-वीस सेंटीमीटर खाली. बरोबरची पोरं वरून सुरुवात करतील, तुझ्याकडे बघून हसतीलही. हसू दे. आणि खालची उंची आहे म्हणून रनअप ढिला सोडू नकोस. पोरं एक्स घेतात ते बहुतेक तिथेच.

आता डॅशचं, म्हणजे उंची सोडून देण्याचं. सर्वेशच्या त्या २०२५ च्या तोक्यो फायनलमध्ये शेवटी न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि कोरियाचा वू सांग-ह्योक हे दोघेच उरले. केर २.३६ पहिल्याच प्रयत्नात गेला, वूचा तिथला पहिला प्रयत्न फसला. आता वू दुसऱ्या प्रयत्नात २.३६ गेला असता, तरी त्या उंचीवर एक एक्स जास्त, म्हणजे मागेच. रौप्य खिशात होतंच. मग त्याने उरलेले दोन प्रयत्न २.३८ साठी राखले. गेला नाही, सुवर्ण केरला मिळालं. समालोचक याला जुगार म्हणतील. माझ्या मते तो चोख हिशोब होता, मी त्याचा कोच असतो तर हेच सांगितलं असतं. पण असा डॅश मारायचा तो हरण्यासारखं काही उरलं नसेल तेव्हाच. चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असताना, मोबाईलवर बघितलं म्हणून, तू हे करायचं नाहीस. एवढं ऐक.

एक्स पडलाच तर मॅटवर बसून आकाशाकडे बघत राहू नकोस. बार कशाने पडला ते तिथल्या तिथे आठव. वर जाताना खांद्याने किंवा हाताने लागला, तर तू बारच्या फार जवळून उडालास, रनअपच्या सुरुवातीची खूण थोडी मागे घे. खाली येताना कमरेने किंवा मांडीने लागला, तर लांबून उडालास, तुझी उंची बारच्या आधीच संपली. खूण पुढे. पोटऱ्यांनी किंवा टाचांनी पडला, तर खुणेला हात लावू नकोस, पाय उशिरा उचललेस इतकंच. पाठीमागून वारा असेल तर पावलं आपोआप लांबतात, तेही धर. आणि हे सगळं आपली पाळी यायच्या आत उरकायचं, कारण नाव पुकारल्यावर एकच मिनिट मिळतं. त्या मिनिटात विचार करायचा नाही, पळायचं.

दोन उड्यांमध्ये ट्रॅकसूट घाल. उन्हातसुद्धा. बारा-तेरा जण असले की पाळी यायला बराच वेळ लागतो आणि पोटऱ्या थंड पडतात. केळं चालेल, वडापाव नाही.

तुझा रनअप वळणावर आत झुकण्याऐवजी सरळ होतोय, असं मला गेल्या व्हिडिओत वाटलं. स्पर्धेच्या तोंडावर ते दुरुस्त करायला जाऊ नकोस, परत आलास की बघू. स्पाइक्सचे खिळे मात्र आजच तपास. आणि निकाल काहीही लागो, पंचांकडच्या गुणपत्रकाचा फोटो काढून मला पाठव. तुझा क्रमांक मी त्यातूनच वाचीन, फोनवर सांगू नकोस.

तुझा,
सर